आठाच्या पोटातला सात

1918 सालचं अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं. डेन्व्हरच्या टांकसाळीतलं, आणि त्यातलंही एखाद-दुसरंच. भिंगाखाली धरलं की शेवटच्या आठाआडून चक्क सात डोकावतो! अशा नाण्याला संग्राहक ‘ओव्हरडेट’ म्हणतात. साध्या नाण्याच्या कितीतरी पट पैसे मोजून ते घेतात.

घडतं कसं? साचा पोलादाचा. त्यात आकृती उमटवायला उठावाचा ठसा दाबायचा. एका दाबात काम भागत नसे. दाबानं पोलाद कडक होई, म्हणून ते तापवून मऊ करायचं आणि पुन्हा दाबायचं. पहिल्यांदा 1917 चा ठसा घेतला, दुसऱ्यांदा 1918 चा, की झालं काम. 1941 च्या अखेरीस त्या आणि पुढच्या, अशा दोन्ही वर्षांचे साचे एकदमच तयार होत होते. तेव्हा हाच घोळ होऊन दहा सेंटच्या नाण्यावर 1942 च्या खाली 1941 राहिलं.

त्याआधीच्या काळात तर ही चूकही नव्हती, निव्वळ काटकसर होती. आकडे हातानं ठोकायचे. गेल्या वर्षीचा साचा धडधाकट उरला, तर तो फेकायचा कशाला? जुन्या आकड्यावर नवा ठोकला की चालला! आपल्याकडच्या व्यापाऱ्यालाही हे पटलं असतं.

आपल्याकडे उलटीच गंगा

तिकडे सालावर साल चढवत होते, इकडे सालच बदलत नव्हते. नाणं जुन्या सनाचं असलं की सराफ त्यावर बट्टा कापायचे. चांदी तीच, वजन तेच, तरी बट्टा! यावर ईस्ट इंडिया कंपनीनं मोठा नामी उपाय काढला. बंगालमधल्या रुपयावर मुघल बादशहा शाह आलमचं एकोणिसावं राज्यवर्ष घातलं आणि पुढे कैक वर्षं तेच छापलं. सुरतेच्या रुपयावर सेहेचाळिसावं. सनच हलत नाही म्हटल्यावर बट्टा कापणार कशावर?

सवय पुढेही सुटली नाही. 1840 चा राणी छाप रुपया 1862 उजाडेपर्यंत त्याच सालानं निघत राहिला, आणि 1862 चा थेट 1874 पर्यंत. मुंबई टांकसाळीच्या 1862 च्या रुपयावर मात्र सालाजवळ बारीक ठिपके दिसतात. जेवढे ठिपके तेवढी वर्षं पुढे, असा संग्राहकांचा हिशेब. 1840 च्या रुपयावर तर ही मंडळी भोवतालच्या पानांच्या माळेतली फळंसुद्धा मोजतात. हौसेला मोल नाही, दुसरं काय!

बऱ्हाणपूरचे दोन सन

रावेर ओलांडलं की बऱ्हाणपूर. आज मध्य प्रदेशात, पण फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशाची राजधानी. तिथल्या मुघल टांकसाळीच्या रुपयांवर बहुधा एक हिजरी सन असतो आणि एक बादशहाचं राज्यवर्ष. दोन्हींची सुरुवात वेगवेगळ्या दिवशी. म्हणून एकाच हिजरी सनाबरोबर दोन वेगळी राज्यवर्षं सापडली, तर ती चूक नाही. जोडी हिशेबात अजिबात बसत नसेल, तर मात्र कान टवकारावेत. एक साचा यंदाचा आणि दुसरा मागचा, असं लग्न लागलेलं असू शकतं.

1911 च्या रुपयाची भानगड मात्र आकड्याची नव्हती, हत्तीची होती. पंचम जॉर्जच्या गळ्यातल्या साखळीवरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला. गदारोळ झाला, बरेचसे रुपये परत घेऊन वितळवले, आणि 1912 ला हत्ती हत्तीसारखा झाला.

आता घरातला डबा उघडा

जळगावच्या सराफ बाजारात बंदा रुपया म्हणजे तोळाभर, 11.66 ग्रॅम. 1939 पर्यंतच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी. 1940 पासून निम्मीच. त्यातही 1939 चा रुपया दुर्मीळ, म्हणून बनावटही फार. मागाहून साल बदललेलं नाणं ओळखायची खूण अशी: खऱ्या ओव्हरडेटमध्ये खालचा आकडा साच्यात खोदलेला असतो, म्हणून नाण्यावर तो उठूनच येतो. आकड्याभोवती खरवडल्याचे खड्डे दिसले, तर टांकसाळीचा त्यात काही हात नाही. ती कुण्या कारागिराची करामत.

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-शिरपूरकडे, पावरा आणि भिल्ल बाया गळ्यात रुपयांच्या माळा घालतात. त्या रुपयाला कडी डाखली की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत धाडकन खाली येते. माळेतली शोभा मात्र वाढते, आणि बाईच्या हिशेबात तेच खरं.

लक्ष्मीपूजनाचं तसंच. चिंच लावून रुपया लख्ख घासला की त्यावर साठलेली जुनी काळसर झाक जाते, आणि नेमकी तीच संग्राहकाला हवी असते. ठिपके, सात-आठ काही शोधायचं असेल, तर पूजेला दुसरा रुपया काढा. नाशिकजवळ अंजनेरीला 1980 पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. धुळ्या-जळगावच्या मंडळींना त्र्यंबकेश्वरला जाताना ते वाटेवरच लागतं.