कोंबुचाचा फ्लोट

कोंबुचा म्हणजे साखर घालून आंबवलेला चहा. तो गार आणि फसफसता असताना आइस्क्रीमच्या गोळ्यांवर ओतला की कोंबुचा फ्लोट तयार होतो. हे धड पेय नाही आणि धड गोड पदार्थही नाही. ग्लासात नळी आणि लांब दांड्याचा चमचा दोन्ही लागतात. पुण्याच्या मस्तानीशी त्याचे साम्य दिसण्यापुरतेच आहे. मस्तानीत आइस्क्रीम दाट दुधावर बसते. तिथे वायू नसतो आणि आंबटपणाही नसतो. फ्लोटचे सगळे याच दोन गोष्टींवर चालते. वायूमुळे फेस येतो, आंबटपणामुळे दूध फाटू लागते. फेस काही सेकंदांत वर येतो, दूध फाटायला काही मिनिटे जातात. या मधल्या अवधीत जो खाऊन-पिऊन संपतो तो चांगला फ्लोट.

मूळ फ्लोट अमेरिकेतला. फसफसत्या गोड सोड्यात आइस्क्रीम घालण्याचे श्रेय बहुधा रॉबर्ट मॅके ग्रीन या सोडाविक्रेत्याला दिले जाते. फिलाडेल्फियातील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या १८७४ सालच्या प्रदर्शनात त्याने असे ग्लास विकले. या मानाला आणखी काही दावेदार आहेत, पण आइस्क्रीम सोड्याचा जनक अशी ओळख थडग्यावर कोरली जावी, असे ग्रीनने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. पुढे रूट बिअर आणि कोला यांचे फ्लोट रूढ झाले. कोंबुचा या घरात फार उशिरा आला. पूर्व आशिया आणि रशियाकडचे हे घरगुती पेय अमेरिकेतल्या दुकानांच्या शीतपेटीत पोहोचल्यावरच त्यात आइस्क्रीम सोडण्याची कल्पना रुजली.

फ्लोट करायला पाच मिनिटे पुरतात, पण त्यात ओतायचा कोंबुचा दीड-दोन आठवडे आधी लावावा लागतो. एक लिटर पाण्याला ६ ते ८ ग्रॅम चहापत्ती आणि ७० ग्रॅमच्या आसपास साखर घ्यावी. पाणी उकळून त्यात पत्ती टाकावी, पाच-दहा मिनिटांनी गाळून साखर विरघळवावी आणि चहा अंगाला कोमट लागेल इतका निवू द्यावा. मसाला, आले किंवा सुगंधी तेल लावलेली पत्ती या टप्प्यावर घालू नये. त्यातली तेले जंतूंना मानवत नाहीत. मग काचेच्या बरणीत चहा ओतून त्यात आधीच्या खेपेचा १०० ते १५० मिलिलिटर आंबट कोंबुचा घालावा. हेच त्याचे विरजण. सोबत मिळणारी जाड, पांढरट, रबरासारखी चकती अनेकांना कोंबुचाचा प्राण वाटते. प्रत्यक्षात ती जिवाणूंनी विणलेल्या सेल्युलोजचा थर असते. खरे काम विरजणातल्या जंतूंचे आहे, आणि विरजणाचा आंबटपणा पहिल्याच दिवसापासून बुरशीला रोखून धरतो. चकती नसली तरी चालते, विरजण कमी पडून चालत नाही.

बरणीच्या तोंडाला दाट विणीचे स्वच्छ फडके बांधावे. झाकण लावायचे नाही, कारण या टप्प्यावर हवा हवी. यीस्ट साखरेचे आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते आणि त्यांपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवते. अॅसेटिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्या अल्कोहोलचे आम्ल करतात, आणि त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. हेच जिवाणू ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्लही बनवतात. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सात ते दहा दिवसांत चव जुळून येते. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात दिवस बरेच कमी लागतात, म्हणून पाचव्या दिवसापासून चाखून पाहावे. फ्लोटसाठी कोंबुचा थोडा तरुण असतानाच काढावा, गोडी आणि आंबटपणा यांची बरोबरी असताना. नुसता पिण्यासाठी काहींना तो सणसणीत आंबट आवडतो. तसा कोंबुचा आइस्क्रीमच्या कामाचा नाही.

फेसाची तयारी दुसऱ्या टप्प्यात होते. पुढच्या खेपेचे विरजण बाजूला काढून उरलेला कोंबुचा घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरायचा आणि वर तीन-चार सेंटिमीटर जागा सोडायची. आले किसून त्याचा रस, जांभळाचा किंवा डाळिंबाचा रस, वाळवलेल्या जास्वंदीच्या पाकळ्या, जे काही चवीसाठी घालायचे ते आता. बाटलीत नवी हवा येत नसल्यामुळे आम्ल वाढणे मंदावते, यीस्टचे काम मात्र चालू राहते, आणि वायूला बाहेर जायला वाट नसल्याने तो पाण्यात मुरतो. लिटरमागे ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली की साधारण २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे पेयाच्या आकारमानाएवढा वायू. कोंबुचात आधीचीच साखर बरीच उरलेली असते, म्हणून वरून चमचा-चमचा साखर घालण्याची हौस धोक्याची आहे. उन्हाळ्यात एका दिवसात बाटली भरून येते आणि काच फुटण्याइतका दाब चढू शकतो. बाटल्या गोल, जाड काचेच्या आणि वायूच्या पेयांसाठीच केलेल्या असाव्यात. चौकोनी शोभेच्या बाटल्या या कामाला कधीही घेऊ नयेत. याच खेपेतला थोडा कोंबुचा सोड्याच्या प्लास्टिकच्या लहान बाटलीत भरून शेजारी ठेवणे हा सर्वांत चांगला उपाय. ती बाटली दाबून पाहिली आणि टणक लागली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत.

फ्रिजमध्ये बाटली किमान एक रात्र राहू द्यावी. वायू पाण्यात किती टिकतो हे तापमानावर ठरते. साध्या हवेच्या दाबाखाली शून्य अंशाला पाणी आपल्या आकारमानाच्या पावणेदोनपट कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते. २० अंशाला हे प्रमाण ०.९ पटीच्याही किंचित खाली येते. घाईघाईने तासभर गार केलेली बाटली उघडताच अर्धी ओट्यावर सांडते आणि उरलेली ग्लासात मलूल पडते. रात्रभराच्या थंडीत यीस्टचा साकाही तळाशी बसतो. ओतताना शेवटचे बोटभर पेय बाटलीतच ठेवावे, नाहीतर फ्लोटला पावाच्या आंबवणाचा वास येतो.

आता आइस्क्रीम, आणि या पदार्थाचा खरा पेच इथे आहे. दुधाचा पीएच ६.६ ते ६.७ असतो, कोंबुचाचा ३ च्या आसपास. दुधातले केसीन हे प्रथिन ४.६ या पीएचला पाण्यात तरंगू शकत नाही, त्याचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात. तापल्या दुधात लिंबू पिळून पनीर करतात तेव्हा हीच क्रिया उष्णतेमुळे झटकन होते. कोलाचा पीएच कोंबुचापेक्षाही खाली असतो, तरी कोलाच्या फ्लोटमध्ये दूध एवढे फाटत नाही. कारण पीएच आणि आम्लाचे एकूण प्रमाण या वेगळ्या गोष्टी आहेत. कोलात फॉस्फोरिक आम्ल अगदी थोडे असते आणि दुधातली प्रथिने व क्षार ते पचवून टाकतात. कोंबुचातले अॅसेटिक आणि ग्लुकोनिक आम्ल सौम्य असले तरी प्रमाणाने कितीतरी जास्त असते, त्यामुळे मिश्रणाचा पीएच खाली ओढला जातो आणि तिथेच राहतो. भरीला चहातले टॅनिन. तेही दुधाच्या प्रथिनांना धरते. त्याचा एक फायदा असा की कोंबुचाचा तुरटपणा आइस्क्रीमच्या संगतीत बराच मावळतो.

यावर पहिला इलाज थंडी. आइस्क्रीम जितके कडक तितके ते सावकाश वितळते आणि तितके कमी केसीन एका वेळी आम्लाच्या तावडीत सापडते. म्हणून गोळे आधी काढून ताटलीत मांडावेत आणि पुन्हा तासभर फ्रीझरमध्ये टणक होऊ द्यावेत. दुसरा इलाज डब्यावरच्या बारीक अक्षरांत मिळतो. बाजारी आइस्क्रीममध्ये स्थिरके असतात आणि त्यांचे क्रमांक छापलेले असतात: ४१२ म्हणजे गवार गम, ४०७ म्हणजे कॅराजिनन, ४६६ म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. यातले ४६६ आंबट दुग्धपेयांत केसीन सुटे ठेवण्यासाठीच वापरले जाते. ते असलेले आइस्क्रीम कोंबुचात जास्त वेळ मऊसूत राहते. स्थिरके नसलेले घरगुती आइस्क्रीम चवीला श्रेष्ठ असेल, पण फ्लोटमध्ये त्याचा रवा लवकर होतो. ‘फ्रोझन डेझर्ट’ घेऊन ही अडचण टळेल असे समजू नये. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असते, पण प्रथिने सहसा दुधाचीच असतात.

आइस्क्रीममध्ये हवा किती, हेही पाहावे. भारतीय अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश हवा आणि एक लिटर आइस्क्रीमचे वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी असू नये. या किमान वजनाच्या डब्यात निम्मी हवाच असते. असे हलके आइस्क्रीम कोंबुचा पडताच भसकन फेसाळते आणि लगेच विरघळते. जड आइस्क्रीमचा फेस बेताने येतो आणि गोळा तग धरतो. फ्लोटसाठी जडच बरे. कुलफीत हवा जवळजवळ नसते, त्यामुळे फेस अगदीच कमी येतो आणि आटवलेल्या दुधाचा स्वाद आंबट चहाशी जमत नाही. आंब्याच्या किंवा लिंबाच्या सॉर्बेत दूधच नसल्याने फाटण्याची भीती उरत नाही, पण बुडबुड्यांना धरून ठेवणारी प्रथिनेही नसतात. फेस उठतो तसा बसतो. चव निर्मळ असली तरी त्याला फ्लोट म्हणवत नाही.

ग्लास उंच, साधारण ३५० मिलिलिटरचा घ्यावा आणि थंड पाण्याने विसळून घ्यावा. कोरड्या ग्लासातले धुळीचे आणि पुसण्याच्या फडक्याचे तंतू बुडबुड्यांना निमित्त देतात आणि वायू आइस्क्रीमपर्यंत पोहोचायच्या आत निघून जातो. तळाशी आधी दोन बोटे कोंबुचा ओतावा, म्हणजे गोळा काचेला चिकटून बसत नाही. त्यावर साठ-पासष्ट ग्रॅमचे दोन गोळे अलगद सोडावेत. मग ग्लास किंचित तिरपा धरून कडेने कोंबुचा ओतावा, एकूण दीडशे मिलिलिटर, त्याहून जास्त नको. पेय वाढले की आम्ल वाढते. अर्धा ओतल्यावर थांबायचे. फेस काठापर्यंत चढतो, क्षणभर डुलतो आणि थोडा खाली बसतो, तेव्हा उरलेला ओतायचा.

यानंतर ग्लासात जे घडते ते नीट पाहण्याजोगे आहे. आइस्क्रीमच्या पृष्ठभागावरचे बर्फाचे स्फटिक आणि हवेचे सूक्ष्म कप्पे यांच्यावर वायूचे बुडबुडे धरतात. साध्या सोड्यात ते वर येऊन फुटले असते. इथे वितळत्या आइस्क्रीममधली प्रथिने प्रत्येक बुडबुड्याभोवती पडदा धरतात, स्थिरकांमुळे मधला द्रव दाट होतो, आणि फिकट तपकिरी, बारीक जाळीचा फेस उभा राहतो. त्याच वेळी गोळ्याला लागलेला कोंबुचा त्याच्या थंडीने गोठतो आणि गोळ्यावर कुरकुरीत, सच्छिद्र बर्फाचे कवच चढते. दाताखाली फुटणारे हे आंबट-गोड कवच फ्लोटमधला सर्वांत चविष्ट घास, आणि तो पहिल्या दोन-तीन मिनिटांतच मिळतो. नंतर ग्लासाच्या मध्यावर दुधाळ पट्टा दिसू लागतो, पुढे काचेच्या आतल्या बाजूला पांढरे बारीक कण. ते केसीन. खायला ते निर्धोक असते, फक्त जिभेला रवाळ लागते.

चवींच्या जोड्यांत आल्याचा कोंबुचा आणि व्हॅनिला ही जोडी सर्वांत भरवशाची. व्हॅनिला आल्याचा झणका मवाळ करते आणि आले आइस्क्रीमची गोडी उतरवते. जास्वंदीच्या कोंबुचाचा फेस सुंदर गुलाबी येतो. जांभळाच्या कोंबुचात दालचिनीचे आइस्क्रीम शोभते. कोकम मात्र टाळावे. त्याचे स्वतःचे आम्ल कोंबुचाच्या आम्लात भर घालते आणि दूध डोळ्यांदेखत फाटते. चॉकलेटही इथे रुळत नाही, कोको आणि चहा यांचे दोन तुरटपणे एकत्र येतात.

काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. कोंबुचा काचेतच आंबवावा. शिसेयुक्त झिलईच्या मातीच्या भांड्यात आम्ल शिसे ओढून घेते. चकतीवर केसाळ हिरवी-काळी बुरशी दिसली तर चकतीसह सगळे फेकून द्यावे. अमेरिकेत ०.५ टक्क्यापेक्षा कमी अल्कोहोल असलेला कोंबुचा साधे पेय म्हणून विकता येतो. घरी बाटलीत पुन्हा आंबवलेल्या कोंबुचात ते प्रमाण त्याच्या वर जाऊ शकते. फ्लोट रंगीत आणि गोड दिसतो, म्हणून घरातली लहान मुले त्यावर पहिली तुटून पडतात, हे लक्षात ठेवावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण आणि अल्कोहोल वर्ज्य असणारे यांच्यासाठी त्याच आइस्क्रीमवर जिंजर सोडा ओतावा; फेस तसाच येतो.

केलेला फ्लोट ठेवता येत नाही. फ्रिजमध्ये वायू जातो आणि चोथा-पाणी वेगळे होते, फ्रीझरमध्ये आंबट बर्फ होतो. बाटली, गोळे आणि ग्लास आधीपासून गार करून ठेवावेत, आणि माणसे समोर येऊन बसल्यावरच झाकण उघडावे.