हळद, सालई आणि आतड्यांचा दाह

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर-चिखलीकडे पाण्याची सोय असलेला शेतकरी हळद लावू लागला आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर कंद काढायचे, कुकरमध्ये वाफेवर शिजवायचे, अंगणात उन्हात कडक वाळवायचे, ड्रममध्ये घालून पॉलिश करायचे आणि हळकुंडांची पोती हिंगोली, वसमत किंवा रिसोडच्या बाजारात न्यायची, हे काम आता इथे नवलाईचे राहिलेले नाही. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या कुशीतल्या खडकाळ उतारांवर, सालई उभी असते. तिची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते आणि खोडाला खाच पडली की पिवळसर, सुगंधी डिंक पाझरतो. शेतातला हा कंद आणि जंगलातला हा डिंक, दोन्ही गेल्या तीस वर्षांत एकाच दुखण्यासाठी जगभरच्या रुग्णालयांत तपासले गेले. ते दुखणे म्हणजे आतड्यांचा दीर्घकालीन दाह, वैद्यकाच्या भाषेत अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. या तपासण्यांतून जे निघाले ते आशेचे आहे. पण ‘झाडपाल्याने बरे होते’ आणि ‘झाडपाल्यात काही नसते’ या दोन्ही ठाम बोलण्यांना ते खोटे पाडते.

आपल्याकडे शौचातून रक्त आणि शेंब पडू लागली की ‘आव पडते’ म्हणतात आणि बहुतेक वेळा ती जंतूंचीच आव असते. तिच्यावर कुड्याची साल पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. कोलायटिस आणि क्रोन्समध्ये मात्र जंतू हा मुख्य आरोपी नसतो. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था आतड्याच्या अस्तरावर चालून जाते आणि थांबायचे विसरते. कोलायटिसमध्ये फक्त मोठ्या आतड्याच्या आतल्या थरावर व्रण पडतात. क्रोन्स पचनमार्गात कुठेही होतो आणि आतड्याच्या पूर्ण जाडीत उतरतो. भारतात क्रोन्स आणि आतड्यांचा क्षय इतके सारखे दिसतात की अनुभवी डॉक्टरही अडखळतात. क्षय असताना प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले तर अनर्थ होतो. म्हणून दुर्बिणीची तपासणी आणि आतड्याच्या तुकड्याची परीक्षा झाल्याशिवाय कोणताही काढा सुरू करणे म्हणजे शत्रू कोण हे न पाहता बाण सोडणे आहे.

या आजाराचा एक गुण सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. तो उसळतो आणि आपोआप ओसरतोही. किराईताच्या जातीच्या एका वनस्पतीच्या अर्कावर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा. सौम्य ते मध्यम कोलायटिस असलेल्या २२४ रुग्णांना आठ आठवडे एकतर अर्क दिला किंवा तशीच दिसणारी, औषध नसलेली कोरी गोळी दिली. मोठ्या मात्रेत अर्क घेणाऱ्या १०० पैकी ६० जणांना आराम पडला. पण कोरी गोळी घेणाऱ्या १०० पैकी ४० जणांनाही पडला. म्हणजे गावातल्या दहा रुग्णांना कोणी निव्वळ पाण्याचा घोट औषध म्हणून दिला असता, तरी चार जण दोन महिन्यांत ‘गुण आला’ असे मनापासून सांगतील. ते खोटे बोलत नसतील. त्यांच्या अनुभवातून औषधाचा वाटा वेगळा काढता येत नाही, एवढेच. माझ्या मते या एका आकड्यात या आजारावरच्या निम्म्या जाहिरातींचे रहस्य आहे.

सालईची कथा याच कसोटीवर वाचावी. तिच्या डिंकातली बोसवेलिक आम्ले दाह वाढवणाऱ्या ल्युकोट्राइन नावाच्या रसायनांची निर्मिती रोखतात, हे प्रयोगशाळेत नीट दिसले आहे. १९९७ मध्ये भारतीय संशोधकांनी कोलायटिसच्या रुग्णांना दिवसातून तीनदा ३५० मिलिग्रॅम डिंक सहा आठवडे दिला. ८२ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला. तुलनेसाठी सल्फासॅलझिन हे प्रस्थापित औषध होते आणि त्याने ७५ टक्के. हे आकडे आजही डब्यांवर मिरवतात. डब्यांवर हे येत नाही की सल्फासॅलझिनच्या गटात अवघे आठ रुग्ण होते, म्हणजे ७५ टक्के म्हणजे आठातले सहा. कोऱ्या गोळीचा गट तर नव्हताच. पुढे २००१ मध्ये जर्मनीत क्रोन्सच्या रुग्णांत सालईचा अर्क मेसालाझिन या नेहमीच्या औषधाइतकाच उपयोगी ठरला. पण क्रोन्समध्ये मेसालाझिन स्वतःच दुबळे आहे आणि दुबळ्याशी बरोबरी झाली यावरून बळ सिद्ध होत नाही. अखेर २०११ मध्ये जर्मनीतच शांत झालेल्या क्रोन्सच्या ८२ रुग्णांची कोऱ्या गोळीशी तुलना करणारी वर्षभराची चाचणी झाली. सालई घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के आणि कोरी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ५५ टक्के लोकांचा आजार शांत राहिला. फरक मोजण्यात धरावा असा नव्हता. क्रोन्स आणि कोलायटिस हे दोन वेगळे आजार आहेत, त्यामुळे कोलायटिसमध्ये सालई निरुपयोगी ठरली असे यावरून म्हणता येत नाही. तिथे तिची खरी परीक्षा अजून व्हायची आहे.

हळद या परीक्षेत पुढे गेली आहे. तिच्यातले कर्क्युमिन पेशीत दाह सुरू करणारा एनएफ-कप्पा-बी हा घटक रोखते. २००६ मध्ये जपानमध्ये कोलायटिस शांत असलेल्या ८९ जणांना नेहमीच्या औषधासोबत सहा महिने रोज २ ग्रॅम कर्क्युमिन किंवा कोरी गोळी दिली. कर्क्युमिन घेणाऱ्या ४३ पैकी दोघांचा आजार उलटला, कोऱ्या गोळीच्या ३९ पैकी आठ जणांचा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेसालाझिन पुरेसे देऊनही आजार न शमलेले ५० रुग्ण होते. रोज ३ ग्रॅम कर्क्युमिनची जोड दिल्यावर महिनाभरात २६ पैकी १४ जणांचा आजार शांत झाला. कोऱ्या गोळीच्या गटात एकाचाही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये मात्र रोज फक्त ४५० मिलिग्रॅम दिल्यावर काहीच फरक दिसला नाही. या तीन निकालांत मला विरोध दिसत नाही. ते एकच गोष्ट सांगतात की मात्रा निर्णायक आहे.

आता मात्रेचा हिशेब स्वयंपाकघरात आणू. बाजारातल्या हळदीत साधारण ३ टक्के कर्क्युमिन धरले तर ३ ग्रॅमसाठी रोज १०० ग्रॅम हळद पोटात जायला हवी. वर्धा जिल्ह्यातल्या, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वायगाव हळदीत ६ टक्क्यांपर्यंत कर्क्युमिन सापडते. तीही रोज ५० ग्रॅम लागेल. पेलाभर दुधात चमचाभर हळद ही घरातली माया आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण चाचण्यांतले औषध ते नव्हे.

यावर आक्षेप येतो की शतकानुशतके वापरलेल्या गोष्टीला परदेशी चाचणीचा दाखला कशाला? हळदीने जखम भरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये रद्द करवले, हे मोठे काम होते. पण त्या लढ्यात सिद्ध झाले ते हे की हा उपयोग भारताला आधीपासून माहीत होता. माहीत असणे आणि अमुक मात्रेत, अमुक आजारात गुण येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी जुनी ग्रंथसंपदा पुरते, दुसरीसाठी कोरी गोळी लागते. आणि जपानमधली चाचणी काही पाश्चात्त्यांचे कारस्थान म्हणून झटकता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की झाडपाला निदान अपाय तरी करत नाही. निळीसारख्या झाडांपासून चीनमध्ये ‘चिंग दाई’ नावाची निळी पूड करतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत तिने कोलायटिसच्या ७० ते ८० टक्के रुग्णांना आराम दिला, कोऱ्या गोळीने १४ टक्क्यांच्या आसपास. गुण इतका ठळक असूनही चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण अशी पूड स्वतःच विकत घेऊन सहा महिने खाणाऱ्या एका रुग्णाला फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा उच्च रक्तदाब जडल्याचे कळले. गुण देण्याइतके जे तीव्र असते, ते अपाय करण्याइतकेही तीव्र असू शकते. कर्क्युमिनचीही तीच गत आहे. ते रक्तात फार कमी शोषले जाते आणि मोठ्या आतड्याच्या आजारात ही सोयच आहे, कारण ते हवे तिथपर्यंत पोचते. बाजार मात्र मिऱ्यातले पायपरिन घालून ‘शोषण कैक पटीने जास्त’ अशी जाहिरात करतो. इटली आणि अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यांपैकी बऱ्याच गोळ्यांत हेच मिरे होते. कोलायटिसच्या माणसाने पैसे मोजून जोखीम विकत घ्यावी, याला काय म्हणावे?

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. आयुष्यभराची औषधे, दुर्बिणीसाठी अकोल्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाऱ्या हे कापसावर आणि सोयाबीनवर चालणाऱ्या घराला पेलत नाही. माणूस उगाच काढ्याकडे वळत नाही. पण मेसालाझिन बंद करून काढा घेणाऱ्याचा आजार उलटला की स्टेरॉइड, भरती, कधी आतडे काढण्याची शस्त्रक्रिया, आणि तो खर्च दसपट. स्वस्त पर्याय शोधायचे तर इसबगोल आहे. १९९९ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी शांत कोलायटिसच्या १०५ रुग्णांना वर्षभर तपासले. इसबगोलच्या बिया घेणाऱ्यांत ४०, मेसालाझिन घेणाऱ्यांत ३५ आणि दोन्ही घेणाऱ्यांत ३० टक्के लोकांचा आजार उलटला. ही चाचणी उघड होती, कोण काय घेतो हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी इतक्या स्वस्त वस्तूसाठी हा निकाल दुर्लक्षिण्यासारखा नाही. क्रोन्सने आतडे अरुंद झालेल्या माणसाने मात्र इसबगोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण तो फुगून वाट अडवू शकतो.

बुलढाण्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शेजारी अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. आपल्या पट्ट्यातल्या हळदीच्या कोणत्या वाणात, कोणत्या जमिनीत किती कर्क्युमिन उतरते हे विद्यापीठाला मोजता येईल. विदर्भातल्या रुग्णांत, नेहमीचे औषध न थांबवता, ठरलेल्या मात्रेचे कर्क्युमिन आणि कोरी गोळी यांची तुलना महाविद्यालयाला शेजारच्या रुग्णालयांच्या मदतीने करता येईल. कोलायटिसमध्ये सालईची राहून गेलेली परीक्षाही घेता येईल. अट एकच, डिंक काढण्याची मोजदाद जंगलात आधी व्हावी. खाचा खोल आणि वारंवार पडल्या की सालई वाळते, आणि खडकावरचे ते झाड पुन्हा उभे राहायला अनेक वर्षे जातात.