संत्री गेटवर असतो: डॉट गिटइग्नोरबद्दल थोडं

मागच्या भागात आपण गिटमध्ये पहिला कमिट केला. आज नको असलेल्या फाइली बाहेर कशा ठेवायच्या ते बघू.

बसवनगुडीतल्या आम्हा निवृत्त फौजी मित्रांचे पत्ते आणि फोन नंबर ठेवायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. डेटाबेसचा पासवर्ड 'डॉट ईएनव्ही' फाइलमध्ये होता. तीही कमिट झाली, पुशही झाली. भाचीने पाहिलं. "मामा, पासवर्ड उघडा पडलाय!" मी डॉट गिटइग्नोरमध्ये त्या फाइलचं नाव लिहिलं आणि निवांत गांधी बाजारात कॉफी प्यायला गेलो. परत येऊन फाइलमध्ये एक ओळ बदलली, तर गिट स्टेटस ती 'मॉडिफाइड' दाखवतंय!

गिटचा दोष नाही. डॉट गिटइग्नोर म्हणजे गेटवरचा संत्री. नवा माणूस आला तर अडवेल. ज्याचं नाव नॉमिनल रोलवर आधीच आहे, त्याला बराकीतून बाहेर काढणं त्याचं काम नाही. गिट ज्या फाइलवर आधीपासून लक्ष ठेवून आहे, तिला हा नियम लागूच होत नाही. रोलवरून नाव कमी करायचं तर 'गिट आरएम --कॅश्ड' आणि पुढे फाइलचं नाव, मग कमिट. '--कॅश्ड' विसरलात तर फाइल तुमच्या डिस्कवरूनही जाईल. आणि सहकाऱ्यांना आधी सांगा, कारण त्यांनी पुल केलं की त्यांच्याकडची प्रत उडते. (आमच्या एका कर्नलसाहेबांची उडाली. दोन दिवस बोलले नाहीत.)

एवढं करूनही जुन्या कमिटमध्ये पासवर्ड तसाच असतो, कोणीही मागे जाऊन वाचू शकतो. म्हणून आधी पासवर्ड बदला, साफसफाई नंतर. रेपॉझिटरी खाजगी आहे म्हणून गाफील राहू नका. 2016 मध्ये उबरच्या खाजगी गिटहब रेपॉझिटरीत हॅकर शिरले, तिथे त्यांना क्लाउडच्या चाव्या सापडल्या आणि 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली.

नियम लिहायला सोपे. '*.लॉग' लिहिलं की सगळ्या लॉग फाइली बाहेर. 'बिल्ड/' लिहिलं की पूर्ण फोल्डर. मात्र फोल्डरच अडवला तर आतली एखादी फाइल '!' लावूनही परत घेता येत नाही. नियम कुठे अडतोय कळेना, तर 'गिट चेक-इग्नोर -व्ही' चालवा, कोणत्या फाइलमधली कितवी ओळ ते दाखवतं.

मी पासवर्ड त्याच रात्री बदलला.