वाऱ्याचा रोख आणि बंदुकीचा नेम

पांढुर्ण्याच्या शिवारात माझ्या मामांचे खळे होते. पौष-माघात ज्वारीची मळणी आटोपली की उपणणीचे दिवस येत आणि आम्हा पोरासोरांचा मुक्काम दिवसभर खळ्यावरच असे. मामा तिवईवर चढत, भरलेले सूप डोक्याच्या वर धरीत आणि नुसते उभे राहत. आता ओततील, मग ओततील, म्हणून आम्ही टक लावून बसावे, तर त्यांचे आपले चालू असे. चिमूटभर भुसा सोडून तो कोठे पडतो ते पाहावयाचे, मग बांधावरच्या पळसाच्या पानांकडे नजर टाकावयाची, मग लांबवरच्या वस्तीतून निघणाऱ्या चुलीच्या धुराकडे. एकदा गालाला झुळूक लागली तसा मी अधीर होऊन ओरडलो, "मामा, वारा आला!" त्यांनी सूप हलविले नाही. म्हणाले, "थांब बापू, हा वारा खोटा आहे." दहा आकडे मोजून व्हावयाच्या आत वारा पडला. धान्य ओतले असते तर सारा भुसा पुन्हा राशीवरच येऊन बसला असता.

हा प्रसंग पुष्कळ वर्षे मनाच्या कोपऱ्यात पडून होता. तो वर आला तो अगदी अनपेक्षित निमित्ताने. आमच्या नात्यातील एक मुलगी रायफलची नेमबाजी शिकते. सुट्टीत घरी आली असता मी तिला विचारले, "काय गं, इतक्या लांबून नेम धरताना हात कापत नाही का?" ती हसून म्हणाली, "आजोबा, हाताचे सवयीने जमते हो. खरा त्रास वाऱ्याचा. आणि त्याहून त्रास थांबण्याचा." पुढे तासभर ती जे सांगत होती ते मला थेट खळ्यावर घेऊन गेले.

नेमबाजी म्हटली की आपल्या संस्थानी शहरांतील जुन्या मंडळींना चांदमारी आठवते. पुष्कळ गावांत त्या नावाची जागा अजून आहे, तेथे बंदुकीचा आवाज मात्र आता क्वचितच होतो. त्या काळी नेमबाजाची कीर्ती डोळा आणि हात यांवर चाले. पण पल्ला वाढला की या दोघांइतकाच तिसरा भागीदार येऊन बसतो, तो वारा. पन्नास मीटरवरची गोष्ट घेऊ. ऑलिंपिकमध्ये ज्या लहान रायफलीने हा खेळ होतो तिची गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची, आणि निशाणावरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. ताशी १६ किलोमीटर वेगाचा वारा आडवा वाहत असेल तर ही गोळी सुमारे दोन-अडीच सेंटिमीटर बाजूला जाते. नेम अचूक, हात स्थिर, श्वास आवरलेला. तरीही गोळी दहाच्या वर्तुळाबाहेर. हाच वारा हजार वारांवर मोठ्या रायफलीच्या गोळीला सात-साडेसात फूट ढकलतो, आणि तेथील मधले निशाण दोन फुटांचे असते!

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वारा गोळीला वाळल्या पानासारखा वाहून नेतो असे आपल्याला वाटते. तसे असते तर हजार वारांच्या दीड सेकंदाच्या प्रवासात ती वीस फुटांहून अधिक भरकटली असती. प्रत्यक्षात गोळी आपले नाक किंचित वाऱ्याकडे वळविते, आणि हवेचा जो अवरोध तिला मागे खेचीत असतो तोच मग थोडा तिरपा होऊन तिला बाजूला नेतो. म्हणून गोळी वाटेत जितका वेग गमावील तितकी ती अधिक हलते. जड, निमुळती आणि वेग टिकविणारी गोळी कमी हलते. दुसरी गंमत अशी की वारा बाजूचा असला तरी गोळी नुसती बाजूला जात नाही. नळीतील आट्यांमुळे तिला उजवीकडे फिरकी मिळालेली असेल तर उजवीकडून येणारा वारा तिला डावीकडे आणि थोडी वर नेतो, डावीकडून येणारा उजवीकडे आणि थोडी खाली. वाऱ्याच्या दिवशी एखाद्याचे निशाण पाहिले तर भोकांची रांग तिरपी दिसते ती यामुळेच.

आता वारा ओळखावयाचा कसा? हातात धरण्याचे वातमापक आज सहज मिळते, मग अडचण ती काय, असे कोणीही विचारील. मीही विचारले. ती म्हणाली, "ते माझ्या हाताशी किती वारा आहे ते सांगेल. गोळी तर तिकडून जाणार!" नेमबाज आणि निशाण यांच्यामधील साऱ्या वाटेवर वारा एकच नसतो. मध्ये ओढा असेल तर तेथे एक, बांधाच्या आडोशाला दुसरा, उघड्यावर तिसरा. पांढुर्णा म्हटले की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आधी आठवते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधतात आणि पांढुर्णा व सावरगाव अशा दोन्ही तीरांवरून दगड चालतात. माणसे जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत, तेव्हा त्या खेळाचे कौतुक माझ्याकडून होणार नाही. पण लहानपणी लांबून पाहताना एक गोष्ट ध्यानात राहिली. सावरगावच्या बाजूचा धूर एकीकडे कललेला असे आणि पात्रातला झेंडा दुसरीकडे. नदीचे पात्र स्वतःचा वारा घेऊन वाहते. त्यात लांबच्या पल्ल्यावर गोळी वाटेत माणसाच्या डोक्याच्या बरीच वरून जाते, आणि वर वारा जमिनीलगतपेक्षा जोराचा असतो.

म्हणून नेमबाज खुणा वाचतो. पहिली खूण चेहऱ्याची: वारा गालाला जाणवू लागला आणि पाने सळसळू लागली की ताशी ६ ते ११ किलोमीटर धरावे. पाने व बारीक डहाळ्या सारख्या हलत राहिल्या तर १२ ते १९. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले की २० ते २८. ही मापे नाविकांसाठी रचलेल्या ब्यूफोर्टच्या कोष्टकातील आहेत, पुढे जमिनीवरील खुणा त्यात घातल्या गेल्या. दुसरी खूण निशाणांच्या काठ्यांवरील पताकांची. पताका काठीपासून किती अंशांत उचलली आहे ते पाहून त्याला चाराने भागले की ताशी मैल मिळतात, असा जुना हिशेब आहे. पताका भिजलेली असली की तो चुकतो, हे ओघाने आलेच. मग दिशा. निशाणाला घड्याळातील बारा मानावयाचे. तीन किंवा नऊच्या बाजूचा वारा पूर्ण धरावयाचा, बारा किंवा सहाचा जवळजवळ सोडून द्यावयाचा. एकच्या बाजूने येणारा वारा मात्र नवख्याला फसवितो. समोरूनच तर येतो आहे, म्हणून तो दुर्लक्ष करतो, आणि त्याचा परिणाम आडव्या वाऱ्याच्या निम्मा असतो.

सगळ्यांत मला आवडलेली खूण मृगजळाची. वैशाखात सौंसरच्या रस्त्यावर दुपारी दिसते ते. काव्यात मृगजळ फसविते. येथे मात्र तेच खरे सांगते. दुर्बिणीतून निशाणाकडे पाहिले की तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या झळा दिसतात. वारा नसला, किंवा अगदी समोरून वा पाठीमागून असला, की त्या सरळ वर जातात, जणू भातास आधण आले आहे. आडवी झुळूक आली की झळा कलतात, आणखी वाढली की नदीसारख्या आडव्या वाहू लागतात. वाटेतला कोणता भाग पाहावयाचा तेही दुर्बीण मागेपुढे जुळवून ठरविता येते. मात्र ताशी वीसेक किलोमीटरच्या पुढे झळा सपाट होतात आणि मग वीस काय आणि तीस काय, सारखेच दिसते. तेव्हा पुन्हा पताका.

या विद्येचा आणि आपल्या मराठी मुलखाचा एक संबंध फार थोड्यांना ठाऊक असेल. इंग्लंडातील नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळावा १८६० साली विम्बल्डनच्या माळावर भरला. पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीने झाडली, पण बंदूक लोखंडी घडवंचीत आधीच नेम धरून आवळलेली होती आणि राणीसाहेबांनी रेशमी दोरी तेवढी ओढली. तशी नेमबाजी कोणास जमणार नाही! त्या मेळाव्यासाठी कोल्हापूरच्या महाराजांच्या नावाने एक चषक देण्यात आला, आणि १८७१ पासून त्याची स्पर्धा सुरू झाली. राजाराम महाराज १८७० साली विलायतेस गेले होते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे वयाच्या विसाव्या वर्षी त्यांना मृत्यू आला. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले, आणि तेथे त्यांची छत्री व अर्धपुतळा आजही आहे. मेळावा १८९० मध्ये बिझ्ली येथे गेला. तेथे 'कोलापूर' या नावाने ती स्पर्धा अद्याप होते. आठ-आठ जणांचे संघ. ३००, ५०० आणि ६०० वारांवर प्रत्येकी दहा गोळ्या. पूर्ण गुण १२००.

सहाशे वारांवर ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा आजच्या गोळीलाही दोन-सव्वादोन फूट हलवितो. म्हणून अशा सांघिक सामन्यांत कामाची मोठी सुरेख वाटणी असते. गोळी झाडणारा वाऱ्याकडे पाहतच नाही. त्याच्या पाठीशी वाऱ्याचा जाणकार दुर्बीण लावून बसतो. तो सांगेल तितकी नेमाची पट्टी डावी-उजवी सरकवावयाची, तो "हं" म्हणेल तेव्हा घोडा दाबावयाचा, आणि गोळी चुकली तर दोष कोणाचा ते दोघांनाही ठाऊक असते. मला ही दुसरी जागा अधिक कठीण वाटते. हातात बंदूक नाही, आणि जबाबदारी सारी!

ऑलिंपिकच्या खेळात असा जाणकार पाठीशी नसतो. पन्नास मीटरच्या मैदानावर १० आणि ३० मीटरवर स्पर्धाचालकांनी लावलेल्या लहान पताका असतात. स्वतःची पताका वा यंत्र लावण्यास मनाई आहे. पुढचे सारे एकट्याने ठरवावयाचे. योगायोग असा की ज्या कोल्हापूरचे नाव बिझ्लीच्या माळावर अद्याप घेतले जाते त्याच कोल्हापूरने या पल्ल्याचे दोन मोठे नेमबाज दिले. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर पडून-नेमबाजीत ६०० पैकी ५९७ गुण घेऊन विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन बैठकांच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले.

त्या प्रकाराच्या प्राथमिक फेरीत दीड तासात ६० गोळ्या झाडावयाच्या असतात: गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने, वीस-वीस. बैठक बदलण्याचा वेळही त्यातच. कुसाळे यांना फेरीत ५९० गुण पडले आणि ते आठांत आले. याच स्पर्धेत होळकरांच्या जुन्या मुलखातील, खरगोण जिल्ह्याचे ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर होते. त्यांना ५८९ पडले आणि अंतिम फेरी हुकली. साठ गोळ्यांत एक गुण! निशाणावर एका वर्तुळापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर अवघे ८ मिलिमीटर, आणि मघाच्याच हिशेबाने पाहिले तर तेवढे हलवावयास ताशी पाच-सहा किलोमीटरची झुळूक पुरते. गालाला जेमतेम जाणवते न जाणवते ती.

येथेच थांबण्याचा प्रश्न येतो. मी मुलीला विचारले, वारा बदलला की तू नेम बदलतेस का? तिने मान हलविली. सुरुवातीला तीही तसेच करी. झुळूक आली की नेम सरकव, पडली की परत आण; आणि प्रत्येक वेळी ती वाऱ्याच्या एक पाऊल मागे राही. मग तिच्या शिक्षकांनी तिला दुसरी रीत लावली. सरावाच्या गोळ्यांतच पाहून ठेवावयाचे की आज वाऱ्याची कोणती स्थिती वारंवार परत येते आहे. त्या एका स्थितीसाठी नेम बसवावयाचा. पुढे तीच स्थिती आली की झाडावयाचे, नाहीतर बंदूक खाली. शक्यतो वाऱ्याचा जोर चढत असतानाही नाही आणि उतरत असतानाही नाही. "पण घड्याळ चालूच असते ना गं?" "चालूच असते. म्हणून तर त्रास." एका स्पर्धेत ती सात मिनिटे थांबली. शेवटी वेळ अपुरा पडून अखेरच्या चार गोळ्या घाईने झाडाव्या लागल्या, आणि त्यांतील दोन वाया गेल्या. थांबणेही मोजून-मापूनच करावे लागते.

बंदिस्त दालनांत दहा मीटरवर शिकलेल्या मुलांना हा वारा भेटतच नाही, आणि पुढे उघड्या मैदानावर गेली की ती बावरतात, असे तिचे म्हणणे. पांढुर्ण्याकडे आता खळी राहिली नाहीत. मळणीयंत्र एका अंगाने धान्य आणि दुसऱ्या अंगाने भुसा टाकते, वारा असो की नसो. त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. मामा असते तर यंत्र त्यांनीच पहिल्यांदा आणले असते. उपणणीने त्यांचे खांदे आयुष्यभर दुखत असत.

जाताना ती आपले जुने वातमापक मला देऊन गेली. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ गच्चीवर उभे राहून समोरच्या कडुनिंबाकडे पाहतो, ताशी किती ते मनाशी ठरवितो, वहीत लिहितो आणि मग यंत्र उघडतो. महिनाभराच्या नोंदी पाहिल्या तर असे दिसते की सकाळी मी बरोबर असतो आणि संध्याकाळी वारा मला नेहमी दीडपट वाटतो. बहुधा उकाड्यातून बाहेर आल्यामुळे. तिला तसे पत्राने कळविले. तिचे उत्तर आले: "आजोबा, झाडाकडे पाहा, गालावर जाऊ नका."