यश आणि त्याचे इंग्रजी सोबती

व्यापाऱ्याची पत दोन गोष्टींवर उभी असते : एक माल आणि दुसरा शब्द. माल पारखण्याचे शिक्षण पेढीवर बसता बसता मिळते; इंग्रजी शब्द पारखण्याचे शिक्षण मात्र बहुधा कोठेच मिळत नाही. आपल्या तरुण मंडळींना शब्द पुष्कळ येतात. परंतु कोणता शब्द कोणाच्या शेजारी शोभतो, हे ठाऊक नसल्यामुळे घोटाळे होतात. अशाच एका घोटाळ्यापासून आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याने परदेशातील एका व्यापाऱ्यास पत्र लिहिले. वडिलांच्या धंद्यात आपला चांगला जम बसला आहे, एवढेच त्यास कळवावयाचे होते. त्याने लिहिले, ‘आय हॅव सक्सीडेड टु माय फादर्स बिझनेस’. उत्तर आले ते दुखवट्याचे! वडिलांच्या निधनाबद्दल सहानुभूती, आणि पाठोपाठ रोखठोक सूचना : पेढीची मालकी कोणाकडे आली याचे कागद येईपर्यंत उधारीचा माल थांबविला आहे. पत्र वाचले गेले तेव्हा वडीलबंधू गादीवर बसून खातेवही चाळीत होते. खुलासे होऊन माल सुटेपर्यंत हंगाम हातचा गेला.

चूक एका लहानशा शब्दाची होती. ‘सक्सीड इन’ म्हणजे एखाद्या कामात यशस्वी होणे. ‘सक्सीड टु’ म्हणजे गादीवर वा मालमत्तेवर वारसा चालविणे. वस्तुतः हा दुसरा अर्थ आपल्याला अपरिचित नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यान्वये मिळणारे ‘सक्सेशन सर्टिफिकेट’ अनेक घरांत येऊन गेले आहे. तो ‘सक्सेशन’ आणि हा ‘सक्सेस’ एकाच मुळाचे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘मागून येणे’ असा. बापामागून येतो तो वारस. कृतीमागून येते ते फळ. म्हणूनच जुन्या इंग्रजीत ‘सक्सेस’ म्हणजे केवळ परिणाम, मग तो बरा असो वा वाईट. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात ‘गुड सक्सेस’ असा प्रयोग आढळतो, तो याच कारणाने. पुढे वाईट अर्थ गळाला आणि केवळ चांगला उरला. आपल्या ‘यश’ शब्दाचा प्रवास निराळा. संस्कृतात त्याचा अर्थ कीर्ती. मराठीत तो कार्यसिद्धीचा वाचक झाला.

आता या शब्दाचे सोबती पाहू. प्रथम क्रियापदे. मराठीत यश ‘येते’, ‘लाभते’ वा ते ‘संपादन’ करावे लागते. इंग्रजीत प्रयत्नाने मिळविलेल्या यशास ‘अचीव्ह सक्सेस’ म्हणतात. एखाद्या पेढीला वा मालाला यश लाभत राहिले, तर ‘एन्जॉय सक्सेस’. येथे मौजमजेचा काही संबंध नाही. ‘मीट विथ सक्सेस’ म्हणजे प्रयत्नास यश येणे. हा प्रयोग थोडा भारदस्त. ‘सक्सीड’नंतर दुसरे क्रियापद आले, तर ‘सक्सीडेड इन गेटिंग द ऑर्डर’ असे लिहावे. ‘सक्सीडेड टु गेट’ हे अशुद्ध होय.

विशेषणांचेही असेच. मोठ्या यशाला ‘ग्रेट सक्सेस’, दणदणीत यशाला ‘रिझाउंडिंग सक्सेस’, काही साधले व काही फसले तर ‘मिक्स्ड सक्सेस’. पैशाच्या दृष्टीने यशस्वी ते ‘कमर्शियल सक्सेस’. एका रात्रीत मिळालेले वाटते ते ‘ओव्हरनाइट सक्सेस’; त्यामागील वर्षांचा हिशेब पाहणाऱ्यास दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. ‘बिझनेस’ला मात्र ‘डू’ लागते आणि ‘प्रॉफिट’ला ‘मेक’. यांची अदलाबदल चालत नाही. ठरविलेला आकडा गाठणे म्हणजे ‘मीट अ टार्गेट’, आणि ना नफा ना तोटा अशा रेषेवर येणे म्हणजे ‘ब्रेक ईव्हन’.

आणखी एक गंमत. यशाची गुरुकिल्ली, यशाचे रहस्य, यशाची कृती असे म्हणताना मराठीत षष्ठीच्या एकाच प्रत्ययाने काम भागते. इंग्रजी मात्र तीन निरनिराळी अव्यये मागते : ‘की टु सक्सेस’, ‘सीक्रेट ऑफ सक्सेस’ आणि ‘रेसिपी फॉर सक्सेस’.

हे असे का, म्हणून विचाराल तर नियम सापडणार नाही. तो रूढीचा भाग आहे. आपलीच भाषा पाहा ना! धनादेश ‘वठतो’, व्याज ‘चढते’, दिवाळे ‘निघते’. धंद्यात जम ‘बसला’ तर पेढे वाटावे, आणि धंदाच ‘बसला’ तर कपाळाला हात लावावा, क्रियापद एकच! परक्या माणसाने यात गोंधळ केला तर आपण हसतो, तसेच इंग्रज आपल्याला हसत असेल.

शब्दांच्या या सहवासास इंग्रजीत ‘कोलोकेशन’ म्हणतात. १९३३ साली टोकियोत राहून हॅरल्ड पामर यांनी विद्यार्थ्यांसाठी अशा जोड्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे जे. आर. फर्थ यांनी या कल्पनेस भाषाशास्त्रात स्थान मिळवून दिले. हेच फर्थ तरुणपणी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. आज केवळ शब्दसंगतीसाठी रचलेले स्वतंत्र कोशही मिळतात. सामान्य कोश शब्दाचा अर्थ सांगतो. हे कोश त्याचे सोबती सांगतात.

तेव्हा सभासद बंधूंना एवढीच विनंती की, मुलांना सुटे शब्द पाठ करावयास लावू नका; जोडीने टिपून ठेवावयास सांगा. पेढीवर एक लहानशी वही ठेवावी. आलेल्या चांगल्या पत्रातील जोडी दिसली की ती वहीत उतरवावी. आमच्या पुतण्याने त्या प्रसंगानंतर अशी वही घातली. तिच्या पहिल्या पानावर त्याने दोनच ओळी लिहिल्या आहेत : ‘सक्सीड इन’ आणि ‘सक्सीड टु’. वडील ती वही अधूनमधून उघडतात आणि हसून म्हणतात, “बाबा रे, पहिले आधी कर, दुसऱ्याची घाई नको!”