पारो: एक दगड, एक तारीख

लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याला नेमला गेला. त्याची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. त्याची प्रेयसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पारोची अजिंठा गावातली कबर मात्र उभी आहे. तिच्यावर इंग्रजीत मोजकाच मजकूर आहे: नाव, ती ‘प्रिय’ असल्याचा उल्लेख आणि २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख. गिल-पारोची प्रेमकथा म्हणजे निव्वळ दंतकथा, असा आक्षेप घेतला जातो. भेटीगाठींचे रंगवलेले प्रसंग खुशाल वगळावेत. पण त्या काळी एका गावकरी बाईचं नाव असं मायेनं दगडावर कोरलं जाणं, हा कल्पनेचा खेळ नाही. तो पुरावा आहे आणि तिची ओळख तिथूनच सुरू व्हायला हवी.