पेशींचा कारभार (लेखांक ४) : पी-५३ची बदनामी

गेल्या लेखांकात नेत्रपटलाच्या अर्बुदाच्या निमित्ताने आपण आरबी प्रथिनाचा परिचय करून घेतला, आणि अशा निरोधक प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्याखेरीज पेशी बेबंद होत नाही, हा आल्फ्रेड नडसन यांचा १९७१ सालचा सिद्धांतही पाहिला. आजचे पी-५३ हे प्रथिन मात्र, आज त्याच वर्गात अग्रमानाचे मानकरी असले, तरी पहिली दहा वर्षे शास्त्रज्ञांच्या दप्तरी आरोपी म्हणूनच दाखल होते.

१९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन व लायोनेल क्रॉफर्ड यांना आणि प्रिन्स्टन येथे आर्नल्ड लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेत, एसव्ही-४० या विषाणूमुळे अर्बुदरूप झालेल्या पेशींत, विषाणूच्या प्रथिनाला बिलगून बसलेले हे प्रथिन सापडले. त्याचे वजन ५३ हजार डाल्टन भासले म्हणून हे नाव. प्रत्यक्षात ते ४४ हजारांच्या आतच भरते, पण एकदा दप्तरी चढलेले नाव बदलण्याची उठाठेव कोण करतो? विषाणूची संगत हा संशयाला पुरेसा आधार होता, आणि त्याचे जनुक निरोगी पेशींत घातल्यावर त्या कर्करोगाच्या वाटेला लागतात असे दिसताच आरोप शाबीत झाल्यासारखेच वाटले. प्रयोगांत वापरलेल्या जनुकाच्या प्रतीच मुळात विकृत होत्या, हे १९८९ साली उघड झाले : अविकृत प्रत घातली असता अर्बुदनिर्मिती उलट रोखली जाते, असे लेव्हिन यांच्याकडे आढळले, आणि त्याच वर्षी बाल्टिमोर येथे बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या सहकाऱ्यांना मोठ्या आतड्याच्या अर्बुदांत या जनुकाची एक प्रत गहाळ व उरलेली बिघडलेली दिसली.

एरवी एमडीएम-२ नावाचे दुसरे प्रथिन पी-५३ला तयार होताच नष्ट करवीत असते, त्यामुळे त्याचा साठा अत्यल्प राहतो. डीएनएला इजा होताच हा विनाश थांबतो, पी-५३ साठू लागते, आणि ते अन्य जनुकांना चालना देऊन पेशीचे विभाजन तहकूब करते किंवा, दुरुस्ती अशक्य असेल तर, तिला आत्मनाशाकडे नेते. हे काम त्याचे चार रेणू एकत्र येऊन करतात, आणि चारांत एकही विकृत रेणू शिरला तरी साऱ्या चौकडीचे काम बिघडू शकते. म्हणून नडसन यांचा दोन प्रतींचा नियम येथे काहीसा सैल पडतो. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत हे जनुक बिघडलेले आढळते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र ते बहुधा शाबूतच असते, आणि हा प्रकार मला सर्वांत विलक्षण वाटतो. पॅपिलोमा विषाणूचे ई-६ हे प्रथिन पेशीच्याच विल्हेवाट-यंत्रणेकडून पी-५३चा नाश करविते, तर ई-७ हे आरबीला जखडते. जनुकाला धक्का न लावता दोन्ही निरोधकांचा अंमल संपतो. मूळ कारण असे बाहेरून आलेले असल्यामुळे ते वेळीच हुडकताही येते : तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९पासून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, या विषाणूच्या एका तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले.